अक्का, त्या दिवशी तुमच्यावर ओरडलो त्याचं

अक्का, नमस्कार.

तुम्ही मराठी फाडफाड बोलता पण वाचायचं म्हटलं की कन्नडच, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, तिला शाळेत हिंदी आहे, ही लिपी जमतीय, ती वाचून दाखवेल. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय कारण ओरडलो होतो तेही सगळ्या बायकांच्या देखतच.

मार्चमध्ये आमची काय अवस्था होती ते तुम्हाला ठाऊकच आहे. बाबांचा पाय प्लॅस्टरमध्ये, ठरलेली टोळी बेदाण्याच्या बागेत जादा हजेरी मिळतीय म्हणून तिकडं गेलेली (त्यांना तरी काय बोलणार, सीझन असतोय केवढा), आभाळ भरून आलेलं आणि एक एकर शिराज, म्हणजे लाल वाईनची द्राक्षं, अजून वेलीवर. साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर २३ ब्रिक्स, म्हणजे वाईनला हवी तेवढी गोडी आलेली, थांबण्यात अर्थ नाही, पाऊस पडला तर मणी पाणी ओढून फुटणार. माल न्यायला वायनरीची गाडी सकाळी नऊला येणार होती. अथणी भागात द्राक्षाचं काम येणारी माणसं काय कमी नाहीत, पण फोन केला की पहिला प्रश्न, "दारूची द्राक्षं काय रे?" आणि मग दुसरा प्रश्नच नाही. रात्री साडेआठला शेवटी तुम्हाला लावला. तुम्ही एवढंच विचारलंत, "किती जणी पायजेत?"

पहाटे चारला टेम्पोतून अकरा जणी उतरल्या, डोक्याला बॅटऱ्या, हातात कात्र्या. वाटेत कुणीतरी तुम्हालाही अडवलं होतं म्हणे, दारूच्या कामाला बायका नेताय का म्हणून. त्यावर तुम्ही म्हणालात, "ऊस तोडताना मळी कुठं जाती ते कधी विचारलासा काय?" मळीचीही दारूच होती की! हे मला नंतर कळलं, अजून आठवलं की हसतोय.

खरं सांगतो, मला वाटत होतं हे काम मलाच येतं. क्रेट काठोकाठ भरू नका, वर दुसरा बसला की मणी चिरडतो, रस गळतो आणि ऊन लागलं की तिथंच आंबायला लागतो, असलं सगळं मी पुढाऱ्यासारखं सांगत होतो आणि तुम्ही आपलं हूं हूं करत होता. मग तुम्ही एक मणी चिमटीत फोडलात, बॅटरीच्या उजेडात बोटं बघितलीत आणि म्हणालात, "आत पांढराच रस हाय की हो, मग लाल वाईन कशी?" म्हटलं रंग सालीत असतो, सालीसकट आंबवतात म्हणून उतरतो. तुम्ही जरा गप्प बसलात. मग, "म्हंजे साल नासकी असली तर ती पण आतच जाणार."

बास, तिथून पुढं माझी मुकादमकी संपली. बेदाण्याला मण्यांची निवड नंतर शेडवर होते, इथं घड एकदा टाकीत गेला की गेला, हे तुम्ही एका मण्यावरून ओळखलंत. शिराजचा घड गच्च, वरून काळाभोर देखणा, पण तुम्ही अंगठ्यानं मधनं उकललात तर आत तीनचार मणी तपकिरी, ओलेगच्च, चिलटं उठली. नाकाला लावलात आणि "हुळी!" (आंबट) म्हणून खाली टाकलात. मग प्रत्येकीनं तेच सुरू केलं, उकलायचं, हुंगायचं, ठेवायचं नाहीतर टाकायचं. उजाडेपर्यंत वेलीखाली ढीग. मी मनात रुपये मोजत होतो, आणि मग सुटलोच, वरून चांगलं दिसतंय ते कशाला टाकताय, वजन कोण भरून देणार, उचला ते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू वरड, घड मी बघते."

नऊला गाडी आली. माणसानं मधलेच दोन क्रेट ताडपत्रीवर उपडे केले, तळातला घड उकलला, हुंगला, पुन्हा एक हुंगला आणि "भरा" म्हणाला. दीडशे क्रेट, तीन टनाला जरा कमी, एक घड परत आला नाही. तसलाच आंबूस वास आला म्हणून त्याच दिवशी एका बागेतला निम्मा माल माघारी गेला होता. पाऊस संध्याकाळी आलाच.

मी त्या गडबडीत तुम्हाला सॉरी म्हणालो नाही, थँक्यू पण नाही. हजेरीवर जादा द्यायला लागलो तर "साकु" (पुरे) म्हणून हात मागं घेतलात आणि टेम्पोत बसून गेलात. म्हणून हे. चुकलो अक्का. आणि लई उपकार झाले.

तुमची लाल दोरी बांधलेली कात्री आमच्याकडंच राहिलीय, बाबांनी तेल लावून खुंटीला अडकवलीय, मला हात लावू देत नाहीत. ऑक्टोबरात छाटणी आहे, तेव्हा घ्यायला या, बाबा आता चालायला लागलेत.