सातचं इंजेक्शन

सातारा,
श्रावणातला गुरुवार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. चिंगी बरी आहे. आज सकाळी सगळं खाल्लं आणि रिकामी ताटली चाटत चाटत पार देवघरापर्यंत ढकलत नेली. शुगर २१० होती. कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले, मंगळवारी एवढी खाली गेल्यावर एक-दोन दिवस थोडी चढी राहील, लगेच डोस वाढवू नका.

काल रात्री फोनवर तू जे बोललीस त्याचा मला राग आलेला नाही. थोडा आला होता, रात्री दोनपर्यंत. "लक्ष कुठे असतं तुझं?" हे वाक्य मी तुला दहावीपर्यंत रोज म्हटलेलं आहे, तेव्हा ते व्याजासकट परत आलं म्हणायचं. पत्र लिहितेय याचं कारण वेगळं. आपला फोन स्पीकरवर असतो, बाबा शेजारी बसलेले असतात. मोबाइलवर लिहावं तर माझा मोबाइल तेही बघतात, वीज बिल भरायला. पोस्टाचं पाकीट मात्र आता कुणी उघडून बघत नाही.

मंगळवारचं नीट सांगते. समोरच्यांच्या सुनेची मंगळागौर होती. मी साडेसहाला गेले, सव्वासातला परत. चिंगीची ताटली रिकामी होती, बाबा पेपर वाचत होते. मी विचारलं, जेवली का? हो म्हणाले. इंजेक्शन? तर म्हणाले, "तुझी वाट बघत होतो." मी इन्सुलिनची बाटली दोन्ही तळव्यांत फिरवली, चार युनिट भरले, तिच्या कुशीची कातडी चिमटीत धरून दिलं. मुक्ता, तिथले केस मला ओलसर लागले होते. आणि तो वास, जखमेवरच्या पट्टीसारखा, तोही आला होता. मला वाटलं, माझ्याच बोटांना येतोय.

साडेदहाला ती पाणी प्यायला उठली आणि मागचे पाय पसरले. उभी राहायची, पुन्हा बसायची. मग मान थरथरायला लागली. कानाला सुई टोचली, मशीनवर ४२. मी मधाची बाटली घेतली आणि बोटाने हिरड्यांना चोळत राहिले. घशात ओतायचं नाही, शुद्ध कमी असेल तर श्वासनलिकेत जातं, हे तूच गेल्या वर्षी कागदावर लिहून फ्रीजला चिकटवून गेली होतीस. तो कागद त्या रात्री उपयोगी पडला, हे तुला फोनवर सांगायचं होतं, तू बोलू दिलं नाहीस. मग रिक्षा, दवाखाना, सलाइनमधून ग्लुकोज. पहाटे साडेतीनला घरी आलो. बाबांनी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरलं होतं आणि रिक्षावाल्याला तिचं वय सांगत होते. आधी अकरा, मग नऊ, मग परत अकरा.

सकाळी मी सुयांचा डबा उघडला. वापरलेल्या सुया आपण त्या जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकतो. दर रविवारी बरणी रिकामी होते, म्हणून मोजता आल्या. सोमवारच्या दोन, मंगळवार सकाळची एक, संध्याकाळची एक. चार असायला हव्यात. पाच होत्या.

म्हणजे बाबांनी सातला दिलं होतं. आणि पंधरा मिनिटांत ते विसरले होते.

तुला मी सांगितलं की माझ्याच हातून दोनदा गेलं. ते खोटं होतं. बाबा समोर बसले होते, काय करणार? ते तर मला आजही ठामपणे सांगतात की त्यांनी दिलं नव्हतं. भांडले नाहीत. नुसते त्या बरणीकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "सोमवारची जास्तीची असेल."

हे कुणाला बोलू नकोस. नंदूकाकाला तर नाहीच.

मला या पत्रात हे लिहायचंच नव्हतं. चिंगीबद्दल लिहायचं होतं. तू म्हणालीस, "तुमच्याकडून होत नसेल तर मी तिला बंगळूरला घेऊन जाते." त्यावर शांतपणे विचार करून लिहावं, असं ठरवून बसले होते.

तू सांगत होतीस तेव्हा तिची पिशवी काढायचं ऑपरेशन केलं नाही, ही चूक माझी. माझी म्हणजे आमची. "मुक्या जनावराला कशाला कापायचं" असं बाबा म्हणाले आणि मीही गप्प बसले. माजावर येऊन गेल्यावर त्या हार्मोनमुळे इन्सुलिन लागू पडत नाही, हे दहाव्या वर्षी कळलं. गेल्या आषाढात ती बादली बादली पाणी प्यायला लागली तेव्हा मी आपली म्हणत होते, उकाडा आहे. आषाढात, साताऱ्यात, उकाडा! मग अंगणात ती जिथे लघवीला बसायची तिथे मुंग्यांची रांग लागली. तुझ्या आजीने एका नजरेत सांगितलं असतं. नऊ किलोची साडेसहावर आली आणि भूक मात्र राक्षसासारखी. शिरवळच्या जनावरांच्या कॉलेजात ऑपरेशन झालं त्या दिवशी बाबा बाहेर बाकावर बसून होते. एका शब्दाने म्हणाले नाहीत की चुकलं. घरी येताना खंबाटकीच्या घाटात फक्त म्हणाले, "मुक्ताचं ऐकायला हवं होतं." तुला हे आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

आणि नंतर किती केलं गं त्यांनी. मी सुईला घाबरत होते, पहिला महिना सगळी इंजेक्शनं त्यांनीच दिली. गोळीवर भागेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं, बाबांचं भागतं तसं. डॉक्टर म्हणाले, माणसाच्या त्या गोळ्या कुत्र्यांना उपयोगाच्या नाहीत, त्यांच्या शरीरात इन्सुलिनच बनेनासं होतं, ते बाहेरूनच द्यावं लागतं, जन्मभर, बारा बारा तासांनी. तेव्हापासून बाबा तिला इंजेक्शन देताना सांगतात, "बाई, १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनी तुझ्याच जातभाईंवर हे शोधून काढलं. तुमचं देणं फेडतोय." ही गोष्ट ते अजून एकदाही चुकले नाहीत. साल नाही, गाव नाही, नाव नाही.

तो आलेख आठवतो? दोन दोन तासांनी रक्त तपासून दिवसभराची शुगर काढायची होती, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. दवाखान्यात ठेवलं तर घाबरून शुगर आणखी वर जाते, म्हणून घरीच केलं. कोयनानगरच्या ऑफिसातला उरलेला आलेखाचा कागद त्यांनी ट्रंकेतून काढला. दुपारी एकला १३० ला तळ, मग चढ, सातला ३१०. प्रत्येक बिंदूभोवती ते इवलंसं वर्तुळ, धरणाच्या नकाशात काढायचे तसं. डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून घेतला आणि म्हणाले, इतका स्वच्छ तक्ता माझ्या मुलांनीही काढला नसता. बाबा आठवडाभर फुगून होते.

परवा मी वही बघितली. मागच्या महिन्याचे आकडे सकाळच्या रकान्यात संध्याकाळचे, संध्याकाळच्या रकान्यात वजन. अक्षर तेच आहे, एक वेलांटी इकडची तिकडे नाही.

बघ, परत तिथेच आले.

तू तिला नेणार म्हणतेस. तुझ्या मायेबद्दल शंका नाही. मोठी नोकरी करतेस, स्वतःच्या पैशाने घर भाड्याने घेतलंस, आमच्याकडे एक रुपया मागितला नाहीस, मी सगळ्यांना सांगत असते. पण चिंगीला आता डाव्या डोळ्याने काहीच दिसत नाही आणि उजव्यावरही तेच निळसर दूध साचत चाललंय. मधुमेहात बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो म्हणे. या घरात तिला डोळे लागत नाहीत. पलंग, माठ, तुळशीची पायरी, सगळं मिशांवर पाठ आहे. म्हणून मी वर्षभर एक खुर्ची हलवलेली नाही. तुझ्याकडे नववा मजला, ती लिफ्ट, आणि तू घरी येतेस कधी? नऊला. कधी दहा. इंजेक्शन सातला म्हणजे सातला, अर्धा तास इकडेतिकडे चालेल, तीन तास नाही. आणि आधी ती जेवली पाहिजे. जेवली नाही तर पूर्ण डोस द्यायचा नाही, फोन करून विचारायचं. रोज तेच अन्न, तेवढंच, काट्यावर तोलून. तू स्वतः रात्री अकराला मॅगी खातेस. एका वेळेचं तुझं तुला जमत नाही आणि... 

लागले ना मी फळ्यासमोर उभी राहायला. बत्तीस वर्षांची सवय. खोडत नाही, वाच आणि सोडून दे. अकराला जेव, पण जेव.

खरं कारण ते नाहीच. चिंगी नेलीस तर बाबांना सकाळचे सात कोण दाखवणार? पावणेसातला ती त्यांच्या चादरीला नाक लावते. ते उठतात, तोंड धुतात, तिचं जेवण काढतात, मग स्वतःची गोळी घेतात. तिच्यामुळे त्यांची गोळी चुकत नाही. वाईच्या आजोबांचं शेवटचं वर्ष तुला आठवत असेल, तू सातवीत होतीस. पहाटे टोपी घालून एसटी स्टँडवर. त्यांना कुणी उठवायला नव्हतं. मला ते आठवायचं नाही. रोज आठवतं.

तुझ्या त्या ॲपचा उपयोग होत नाही. गजर वाजतो, बाबा तो बंद करतात, आणि बंद केला म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. म्हणून बुधवारपासून मी फ्रीजला कालनिर्णय लावलंय. प्रत्येक तारखेत दोन खुणा, सकाळची वर, संध्याकाळची खाली, ज्याने दिलं त्याने लाल पेन्सिलीने करायची. आणि डॉक्टरांनी एक नियम पुन्हा पुन्हा बजावलाय: दिलं की नाही अशी शंका आली तर द्यायचं नाही. केसांत सांडलं असं वाटलं तरी दुसरं नाही. एक डोस चुकला तर एवढं बिघडत नाही, दोनदा गेला तर जीव जातो. बाबांनी हे स्वतःच्या हाताने ठळक अक्षरात लिहून कॅलेंडरखाली चिकटवलं. स्टेन्सिलने काढल्यासारखं सुंदर.

आज सकाळी चहा ठेवताना बघितलं. आज गुरुवार. उद्याच्या, शुक्रवारच्या चौकोनात दोन्ही खुणा झालेल्या होत्या.

मी त्या खोडरबराने पुसल्या. बाबांना काही बोलले नाही. आता वाटतं, चूक केली का? दाखवायला हव्या होत्या? तुला विचारतेय खरंच, मला कळत नाही. पन्नास वर्षांत या माणसाने मला कधी हिशेबात चुकलेलं दाखवलं नाही, मीच चुकायचे.

गौरीला येते म्हणालीस. चार दिवस जास्त काढून ये. कुणाला सांगू नकोस कशासाठी. पुण्याला चांगल्या डॉक्टरांकडे बाबांना न्यायचं आहे, पण "तुम्ही विसरता" असं म्हटलं तर ते येणार नाहीत. चिंगीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची चौकशी करायला जायचं म्हण. तिच्यासाठी ते कुठेही येतील. हे फसवणं आहे, ठाऊक आहे मला. तुला दुसरं काही सुचलं तर सांग. तू हुशार आहेस, फोनवर ओरडलीस तरी.

थांब. सात वाजत आले, फ्रीज उघडल्याचा आवाज आला. बघून येते.

आले. त्यांनीच दिलं. मी नुसती दारात उभी राहिले, ओढणीला हात पुसत, काही काम असल्यासारखी. चार युनिट, सुई उजेडाकडे धरून बुडबुडा काढला, बँटिंगची गोष्ट सांगितली, केसांवर हात फिरवून ओलं लागतं का बघितलं. मग पेन्सिल शोधत होते, ती त्यांच्याच कानावर होती. खूण आजच्याच चौकोनात केली.

जपून राहा. काल रडलीस का नंतर? आवाज तसा वाटला.

तुझी,
आई

ता. क. येताना ४० युनिटच्या सुया आण, लाल टोपीच्या. इथे परवा दुकानदार केशरी टोपीच्या देत होता, म्हणे एकच. एकच कसं? त्या १०० च्या, आपली बाटली ४० ची. तिचं औषध त्यात चारच्या खुणेपर्यंत भरलं तर दीडच्या थोडं वर, १.६ युनिटच जाईल. हे त्याला बाबांनी समजावलं, दुकानातल्या पावतीच्या मागे भागाकार मांडून. बरोबर आला.