‘जेनेव्हीव्ह’ हा नुसता मोटारींचा सिनेमा नव्हे

महोदय,
रविवारच्या पुरवणीतील जुन्या विनोदी चित्रपटांवरच्या लेखात ‘जेनेव्हीव्ह’ची (१९५३) बोळवण ‘मोटार-शर्यतीचा सिनेमा’ एवढ्याच शब्दांत केली आहे. हे वाचून चुटपुट लागली. लंडन ते ब्रायटन हा जुन्या मोटारींचा फेरा आणि परतताना वेस्टमिन्स्टर पूल आधी कोण ओलांडतो यावर लागलेली १०० पौंडांची पैज, हा नुसता सांगाडा. दिग्दर्शक हेन्री कॉर्नेलियसचा चित्रपट खरा आहे तो नवराबायकोच्या रुसव्याफुगव्याचा. नवऱ्याचा जीव १९०४च्या दराक गाडीत, बायको शेजारच्या सीटवर थंडीपावसात कुडकुडतेय. अशी घरं आपल्याकडेही कमी नाहीत!

शेवटाकडचा प्रसंग पाहा. पैज हातची जाऊ घातली असताना एक म्हातारा गाडी अडवतो. अशाच दराकमध्ये त्याने बायकोला मागणी घातलेली असते. वेळ निसटतोय, तरी नायक थांबून त्याचं सगळं ऐकून घेतो. बायको नवऱ्याकडे ज्या नजरेने बघते, तिथे भांडण मिटतं. संवादाची गरजच पडत नाही.

अभिनेत्री के केंडॉलचं ट्रम्पेट आणि लॅरी अॅडलरचा माउथ ऑर्गन यांचा तर लेखात उल्लेखही नाही. अमेरिकेत डाव्या विचारांच्या संशयावरून काळ्या यादीत गेलेल्या अॅडलरचं नाव तिथल्या प्रतींतून वगळलं होतं. आपण तरी वगळू नये.

– एक वाचक, पुणे