फ्रेमवाल्या काकांना, सोलापूरहून

काका, सप्रेम नमस्कार.

रविवारी मुंबईतलं प्रदर्शन उतरलं, रात्रीची सिद्धेश्वर पकडली आणि सोमवारी सकाळी घरी पोचले. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. तुमच्यासमोर उभं राहून बोलायला गेले असते तर शब्दच फुटला नसता. आणि चारचौघांत लिहायचं कारण असं की, त्या सहा नव्या चित्रकारांच्या प्रदर्शनात आमची नावं भिंतीवर होती, गॅलरीचं होतं, उद्घाटनाच्या चहापाण्याचा खर्च ज्यांनी केला त्यांचंही होतं. तुमचं कुठेच नव्हतं. नाव मी इथेही लिहीत नाही, तुम्ही हात जोडून नको म्हणाला होतात. पण तुम्ही काय केलंत ते तरी लोकांना कळू दे.

उद्घाटनाला तीन दिवस उरले होते. माझ्याकडे पाच वुडकट, म्हणजे लाकूड कोरून कागदावर उठवलेले ठसे होते आणि फ्रेम एकही नव्हती. असं का झालं ते उगाळत बसत नाही. काळा घोड्याच्या आसपास दोन दुकानांनी 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून वाटेला लावलं. तुमच्याकडे आले तेव्हा दुपार कलली होती, तुम्ही पट्टी कापत होतात. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेले कागद पुढे केले. तुम्ही घेतले नाहीत. 'एक मिनिट हं, बाळा,' म्हणून आत गेलात. मला वाटलं, झालं, इथेही नाहीच. मग आतून नळाचा आवाज आला. तुम्ही साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन आलात, खुंटीवरच्या स्वच्छ पंचाला पुसलेत, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या केल्यात. टेबलावरचा भुसा झटकून कोरा कागद अंथरलात. आणि मग म्हणालात, 'हं, आता दे.'

काका, तुम्हाला त्यात काहीच वाटलं नसेल. माझे मात्र डोळे भरून आले होते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका 'उभरत्या कलावंतांच्या' ग्रुप शोमध्ये मी भाग घेतला होता. भाग घेतला म्हणजे आठ हजार रुपये भरले. त्या पैशांत माझा वुडकट दाराच्या मागे लागला. दार उघडं असेपर्यंत तो कुणाला दिसायचा नाही, आणि प्रदर्शनाचं दार दिवसभर उघडंच असतं. दुसरा टेबलावर पडून होता, त्यावर आयोजकांनी चहाचा कप ठेवला. कागदावर गोल डाग उमटला. मी बोलले तर उत्तर मिळालं, 'प्रिंटच आहे ना? दुसरी कॉपी काढा की.' वर सल्ला असा की विड्या वळणाऱ्या बायका कोण घरात लावणार, घोडे करा, बुद्ध करा, ते जातात.

कॉपी! सहा-सहा आठवडे लाकूड कोरायचं, रोलरने शाई चढवायची, प्रेस परवडत नाही म्हणून चमच्याच्या पाठीने इंच इंच घासून ठसा उठवायचा. दहा चांगले निघाले की थांबायचं आणि प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा घालायचा. तुम्ही तो आकडा न सांगता पाहिलात. 'दहातला चौथा ना? मग माउंट खालून जरा मोकळा सोडू. आकडा आणि सही झाकायची नसते.' (माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट.) गोंद फासून पुठ्ठ्याला चिकटवण्याचं तर नावही काढलं नाहीत. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या, गव्हाची खळ, बस्स. का, म्हणून विचारलं तर म्हणालात, 'पन्नास वर्षांनी कुणाला काढायचं झालं तर ओल्या बोटाने सुटलं पाहिजे.' पन्नास वर्षं! माझं काम पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल असंही तोवर कुणी माझ्यासमोर बोललं नव्हतं.

मुंबईच्या चित्रकलेत फ्रेमवाल्यांचा वाटा किती मोठा आहे हे लोक विसरतात. केकू गांधींनी १९४१ मध्ये केमोल्ड सुरू केलं ते फ्रेमा बनवण्यासाठी. तिथल्या दर्शनी भागात ते आरा, हुसेन, हेब्बर यांची चित्रं लावायचे. तेव्हा ही नावं अजून मोठी व्हायची होती. त्यांची गॅलरी १९६३ ची, तेव्हा जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर होती. म्हणजे आधी फ्रेमवाल्याने चित्र ओळखलं, गिऱ्हाईक मागून आलं. आरा तर कधीकाळी लोकांच्या गाड्या धुऊन पोट भरत. अशा माणसाला कुणीतरी दारात उभं केलं, म्हणून ते चित्रकार म्हणून उभे राहिले. आज जहांगीरची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आमच्यासारख्या बाहेरगावच्या पोरांना ग्रुप शो हाच आधार. त्यातही पैसे घेऊन दारामागे टांगणारे असतात, आणि तुमच्यासारखेही असतात.

पण मी का रडले ते तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. माझी आई तीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी भिजवलेली पानं. चित्रांतले सगळे हात तिचेच आहेत. पीठ मळायच्या आधी ती दोनदा हात धुते, वास जात नाही तरी धुते. आणि माझ्या कागदाला हात लावायच्या आधीही धुते. तिला वुडकट म्हणजे काय ते कुणी शिकवलेलं नाही. तुमच्या दुकानात नळ वाजला तेव्हा मला आमची मोरी आठवली.

उद्घाटनाला आई आली होती. तुम्ही लांब दाराशी उभे होतात, आत यायला लाजत होतात, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नसेल. तिने चित्राकडे फार पाहिलं नाही, ते हात तिचे तिला माहीत आहेत. ती फ्रेमच्या कोपऱ्यापाशी वाकली, जिथे दोन पट्ट्या मिळतात तिथे. कारखान्यात चेकर रोज तिच्या विड्या निवडतो, वाईट निघालेल्या छाट म्हणून काढतो, त्यांची मजुरी कापली जाते. कामातली खोट तिला लांबूनही दिसते. एकेक करून पाचही फ्रेमांचे चारही कोपरे तिने बघितले आणि मला म्हणाली, 'ह्या माणसाची छाट निघत नसणार.'

आपली,
सोलापूरची वुडकटवाली