गॅस आला, धुराडं तेच

संपादक महोदय,

मुंबईतल्या बेकऱ्या लाकूड सोडून गॅसवर गेल्याची कालच्या अंकातली ‘बेकऱ्यांचा धूर सरला’ ही बातमी वाचली. फोटो छान आहे. निळी ज्योत, चकचकीत ओव्हन, डोक्याला टोपी घातलेला कारागीर. कॅमेरा जरा वर गेला असता तर ओव्हनचा पाइप कुठे घुसलाय तेही कळलं असतं. फोटोतला कदाचित सरळ गच्चीवर जात असेल. आमच्या चाळीखालच्या बेकरीचा जात नाही.

जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅससारख्या इंधनावर जायला सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. यथावकाश खारी-बिस्किटांचा ओव्हन पाइप गॅसवर गेला. लाकडाची भट्टी मात्र ‘पावाला लागतेच’ म्हणून राहिली. आणि नव्या ओव्हनचा पाइप सोडला कुठे, तर त्याच जुन्या विटांच्या धुराड्यात, बाजूला भोक पाडून.

हे धुराडं माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीतून वर जातं. इतकी वर्षं ती भिंत कोमट असायची. पावसाळ्यात आमची ही त्या भिंतीलगत दोरी बांधायची, मुलांची दुपटी बघता बघता सुकायची. आता तिथून काळपट पाणी झिरपतं. दोनदा रंग दिला, दोनदा डाग वर आला. बेकरीवाल्याला बोलावून दाखवलं तर म्हणतो, “काका, वरनं गळत असेल. गॅसला धूर कुठला?” धूर नाही हो, वाफ असते! पाइप गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. रुंद, थंड धुराड्यात ती वाफ टोकाला पोचायच्या आधीच विटांवर जमते, लाकडाच्या काजळीत कालवली जाते आणि सांधे खात खात माझ्या कॅलेंडरमागे प्रकट होते.

भिंतीचं एक वेळ सोडा. मी गिरणीत बॉयलरवर होतो. आता कोणीतरी लिहील की गिरणीतही चार बॉयलरना एकच चिमणी असायची. असायची ना. पण चारही कोळशावरचे, प्रत्येकाला आपला डँपर, म्हणजे धुराची वाट उघडायची-मिटायची झडप, आणि बंद बॉयलरचा डँपर पाडल्याशिवाय फोरमन कुणाला हलू द्यायचा नाही. एका पावसाळ्यात रात्रपाळीला तो उघडा राहिला. चिमणीची ओढ, म्हणजे धूर वर खेचायची ताकद, त्या रात्री मंद होती. काजळी काढायला बंद बॉयलरच्या आत उतरलेला आमचा जोडीदार थोड्या वेळाने असंबद्ध बडबडायला लागला. पाय धरून ओढला बाहेर. उलट्या झाल्या, पण वाचला. डोळ्यांना धूर दिसला नव्हता कुणालाच, पण बाकीच्या बॉयलरांचा वायू उघड्या डँपरातून उलटा आत शिरला होता. फोरमन मला काही बोलला नाही, नुसतं बघितलं. डँपर माझ्याकडे होता.

म्हणून सांगतो. पाव निघाले की भट्टीत निखारे उरतात. धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. धुराडं थंडावलं की ओढ संपते आणि हा वायू सोपी वाट धरतो, म्हणजे बंद असलेल्या गॅस ओव्हनच्या पाइपातून उलटा दुकानात. वर पोटमाळ्यावर कारागीर पोरं झोपलेली असतात. त्याला वासही नाही. पाइप गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, निखाऱ्यात कोण मिसळणार? मुलाने मोबाइलवर अमेरिकेचं धुराड्यांच्या सुरक्षेचं एनएफपीए २११ मानक काढून दाखवलं. दुसऱ्या उपकरणाच्या धुराड्याला लाकडाची भट्टी जोडायला तिथे मनाई आहे, खास मान्यता असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे तपासणीला आलेले साहेब गॅसचा मीटर बघून, नानखटाई खाऊन गेले.

गॅस ओव्हनला गच्चीच्या वरपर्यंत वेगळा पाइप टाका, एवढंच म्हणतोय. बातमीदाराला पाठवा, भिंत दाखवतो. चहाही पाजीन.

आणि हे पत्र छापलंत तर एक विनंती. मागच्या वेळी चार ओळींवर आणलंत, चालेल, जागेची अडचण असते. पण ‘डँपर’च्या जागी ‘डंपर’ छापलंत. नाक्यावर अजून विचारतात, काका, तुमच्या गिरणीत डंपर कशाला लागायचा?

आपला एक जुना वाचक,
लालबाग, मुंबई