पाठकोऱ्या कागदावरच्या शून्यासाठी

ताई,

फोनवर आभार मानले तर 'जाऊ दे ना रे' म्हणून तुम्ही विषय बदलाल. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहून राहिलो.

मे महिना, शंकरनगरची अभ्यासिका, कूलरचा खडखडाट, आणि वायूचा प्रवाह संगणकावर सोडवणारा माझा कोड तीन आठवडे अडून बसलेला. परीक्षा तशी साधीच: माख २ चा, म्हणजे वायू ध्वनीच्या दुप्पट वेगाने येऊन धडकतो असा, उभा शॉक (जिथे दाब-घनता एकदम उडी मारतात ती पातळ भिंत), गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचं गुणोत्तर) १.४. पलीकडे घनता २.६७ पट, दाब साडेचार पट. तो जागचा हलता कामा नये. माझा मात्र पहिल्याच टाइम स्टेपला शेजारच्या सेलमध्ये (ग्रिडच्या कप्प्यात) सांडायचा. ग्रिड बारीक केली, स्टेप कमी केली, काही फरक नाही. कॉलेजात विचारलं तर 'तयार सॉफ्टवेअर वापर' एवढंच उत्तर.

तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. 'दोन शेजारच्या सेलमधली सरासरी कशाची घेतोस?' एवढंच विचारलंत. मी म्हणालो, वेगाची आणि ध्वनिवेगाची, बेरीज भागिले दोन. फिलिप रो यांचं १९८१ चं वर्गमुळाचं सूत्र वाचलं होतं, पण उगाच किचकटपणा समजून सोडून दिलं होतं. (हे तेव्हा कबूल केलं नव्हतं.)

मग झेरॉक्सच्या बिलाची पाठकोरी बाजू. अलीकडचा ध्वनिवेग १ धरला, तर वायूचा वेग अलीकडे २, पलीकडे ०.७५. माझ्या हिशेबाने वेग १.३७५, ध्वनिवेग १.१५, वजाबाकी, म्हणजे कोडला दिसणारी शॉकची चाल, ०.२२५. म्हणजे उभा शॉक कोडला चालताना दिसत होता! तुम्ही घनतेच्या वर्गमुळाचं वजन लावलंत: वेग १.२२५. एकूण एन्थाल्पी (वायूची ऊर्जा अधिक दाबाचा वाटा) दोन्हीकडे ४.५च, तिच्यातून ध्वनिवेग काढला: तोही १.२२५. वजाबाकी शून्य.

'सरासरी साधीच आहे रे, फक्त भलत्या गोष्टींची घेऊन राहिला तू.' वर्गमूळ घनता, तिचा वेगाशी गुणाकार आणि एन्थाल्पीशी गुणाकार, या तिघांची साधी सरासरी घ्यायची. संवेग असो की फ्लक्स (सेलच्या कडेतून वाहून जाणारं), सगळं यांच्याच जोड्यांच्या गुणाकारांतून बनतं, आणि गुणाकारातला फरक साध्या सरासरीने तंतोतंत उतरतो. तेव्हा कुठे ते वर्गमूळ मला कळलं.

निघताना म्हणालात, 'हेच शून्य प्रसरणात तुझ्या गळ्याशी येईल.' आलंच. वायू ध्वनिवेग ओलांडून पसरतो तिथे नसलेला शॉक उभा राहिला. हार्टेन यांची एन्ट्रॉपी दुरुस्ती (ही चाल हिशेबात शून्यावर येऊ न देणारी) लावली तेव्हा गेला.

तो कागद माझ्या वहीत आहे. पुढच्या बाजूला झेरॉक्सचे बारा रुपये लिहिलेत. ते तुम्हीच भरले होते, तेवढे द्यायचे राहिलेत.

तुमचा,
कूलरशेजारच्या टेबलावरचा