टक्केवारी छापताना एकूण संख्याही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मतचाचण्या, परीक्षांचे निकाल, अपघातांची कारणे अशा विषयांवरील बातम्यांसोबत हल्ली रंगीत वृत्तालेख (पाय चार्ट, म्हणजे वर्तुळाच्या पाकळ्या पाडून प्रत्येक गटाचा वाटा दाखवणारा आलेख) हमखास असतो. मात्र त्यातील टक्केवारी एकूण किती जणांपैकी काढली आहे, हे बहुतेकदा कुठेच दिलेले नसते. वर्गीय, म्हणजे गटांत विभागलेली, माहिती हाताळताना आधी वारंवारता सारणी करावी, प्रत्येक गटातील नोंदी मोजून खाली त्यांची बेरीज लिहावी आणि मगच शेकडा प्रमाण काढावे, असे संख्याशास्त्राच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत शिकवतात. छापील आलेखातून नेमकी ही बेरीजच गळते.

त्याने काय बिघडते, हे टायटॅनिकच्या आकड्यांवरून स्वच्छ दिसते. १९१२ मधील त्या दुर्घटनेची, वर्गात नेहमी वापरली जाणारी सारणी २,२०१ जणांची आहे. त्यांपैकी वाचलेल्या ७११ जणांचा वृत्तालेख काढला, तर सर्वांत मोठी पाकळी कर्मचाऱ्यांची, म्हणजे २१२ जणांची येते. त्याखालोखाल पहिल्या वर्गाचे २०३, तिसऱ्याचे १७८ आणि दुसऱ्याचे ११८ प्रवासी. आकडेमोडीत चूक काहीच नाही, तरीही तो पाहणाऱ्याला कर्मचारीच सर्वाधिक सुदैवी ठरले असे वाटेल. प्रत्यक्षात जहाजावर कर्मचारी होते ८८५ आणि पहिल्या वर्गाचे प्रवासी अवघे ३२५. प्रत्येक गटातील वाचलेल्यांना त्याच गटाच्या एकूण संख्येने भागले, की पहिल्या वर्गातील सुमारे ६२ टक्के, दुसऱ्यातील ४१, तिसऱ्यातील २५ आणि कर्मचाऱ्यांपैकी जेमतेम २४ टक्के लोक वाचले, असे चित्र उभे राहते. म्हणजे आधी अग्रभागी असलेला गट थेट तळाला जातो. इथे वृत्तालेख कामाचा नाही, चार गटांचे चार शतमान (टक्केवारी दाखवणारे) स्तंभ हवेत.

वृत्तालेखाबद्दल माझे मत तसेही फारसे अनुकूल नाही. विल्यम प्लेफेअर यांनी स्तंभालेख १७८६ मध्ये आणि वृत्तालेख १८०१ मध्ये छापला, तेव्हापासून दोन्ही लोकप्रिय आहेत; परंतु माणसाला कोनांपेक्षा एकाच पायारेषेवरील उंचींची तुलना अधिक अचूक जमते, हे संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांच्या १९८४ मधील प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यातच वर्तुळ तिरके करून त्याला जाडी दिली, की पुढची पाकळी विनाकारण फुगते. आणि एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा असलेल्या प्रश्नाची उत्तरे तर वृत्तालेखात मावूच शकत नाहीत, कारण त्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाते. (तसा आलेखही छापलेला पाहण्यात आला आहे!)

तेव्हा आपल्या दैनिकाने प्रत्येक आलेखाखाली एकूण नोंदींची संख्या द्यावी, स्तंभ शून्यापासूनच सुरू करावेत आणि ‘इतर’ या गटात काय काय घातले आहे तेही सांगावे, ही विनंती. जागेची अडचण असल्यास आलेख लहान केला तरी चालेल, पण एकूण संख्येची ओळ वगळू नये.

आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका