माझ्या परत जाणाऱ्या ताटाकडे बघणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. वॉर्डात सगळे तुम्हाला ‘डाएटवाल्या ताई’ म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

मांडीच्या हाडात प्लेट बसवली आणि तिसऱ्या आठवड्यात टाक्यांतून पू यायला लागला. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोन ऑपरेशनं झाली. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, औषध तिथवर नीट पोहोचत नाही, म्हणून जखम पुन्हा उघडून साफ करावी लागते, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते जखमेकडे बघत होते आणि जखम होतीच तशी. पण दोन्ही वेळचं माझं ताट जसंच्या तसं परत जात होतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. घरचे काकुळतीला येऊन म्हणायचे, “चार घास तरी खा.” मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा फाइलमधला अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचा, आकडा दाखवलात. २.६. हवा होता किमान ३.५. आता बोलणी खावी लागणार, असं मला वाटलं. तुम्ही म्हणालात, “हा आकडा नुसता न खाण्याने उतरत नाही. अंगात इन्फेक्शन असलं की यकृतच अल्ब्युमिन कमी बनवतं. म्हणून मी आकड्यापेक्षा तुमचे दंड आणि तुमचं ताट बघते.” इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला दोषी न धरता माझ्या न खाण्याबद्दल बोललं होतं.

मग तुम्ही विचारलंत, “घरून फोन आला की बरं वाटतं का?” मी खरं ते सांगितलं: मुलीचा आवाजही नकोसा झालाय. तुम्ही पेन खाली ठेवलंत. भूक जाणं, थकवा, झोप न लागणं हे सगळं इन्फेक्शनमध्येही होतं आणि नैराश्यातही. त्यामुळे माझी प्रत्येक तक्रार इन्फेक्शनच्या खात्यात जमा होत होती, हे मला नंतर कळलं. तुम्ही डॉक्टरांशी बोललात आणि नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा कागद घेऊन आलात. २७ पैकी १९ गुण झाले; जितके जास्त, तितकं नैराश्य जास्त. नवव्या प्रश्नाला, जगणं नको वाटतं का, याला मी ‘कधीकधी’ लिहिलं. ते वाचून तुम्ही खुर्ची जवळ ओढलीत आणि मानसोपचार विभागाचे डॉक्टर येईपर्यंत तिथून हलला नाहीत. तुमची जेवायची वेळ टळून गेली होती.

गोळी लगेच सुरू करता आली नाही. मला इन्फेक्शनसाठी लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू होतं आणि नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांशी ते जुळत नाही, शरीरात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ते बंद होईपर्यंत रोज बोलणं तेवढं होतं, डॉक्टरांचं आणि तुमचंही. तुमचं ते काम नव्हतं.

खाण्याचं तर तुम्ही फार बारकाईने पाहिलंत. निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात, मला दीडपर्यंत लागणार होती, म्हणजे ५३ किलोला दिवसाचे साधारण ८० ग्रॅम. भरलेलं ताट बघूनच मला मळमळायचं. तुम्ही ताटच बंद केलंत. दर दोन-अडीच तासांनी अर्धी वाटी काहीतरी, दुधात प्रोटीन पावडर, एखादं अंडं. तोंडाला धातूची चव यायची म्हणून सगळं गार करून. “संपवा” असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. “दोन चमचे गेले? मग लिहा,” म्हणायचात.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. ऑपरेशननंतर आठवडेच्या आठवडे पडून असलेल्या माणसाला तो नऊ प्रश्नांचा कागद कुणा भल्या माणसाच्या लक्षात आला तरच मिळावा, असं का? ड्रेसिंग बदलायला कुणी विसरत नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला आलो तेव्हा तुम्ही दुसरीकडे गेल्याचं कळलं. वॉकर सुटलाय, हे तुम्हाला चालून दाखवायचं होतं. हाड जुळतंय, इन्फेक्शनचा अंदाज देणारी रक्ताची सीआरपी तपासणी दोन वेळा नॉर्मल आली, वजन ५९ आहे. नैराश्याची गोळी अजून चालू आहे, डॉक्टर म्हणतील तेव्हाच थांबवणार. तुम्ही दिलेल्या वहीत मी अजून लिहितो. काल रात्रीची नोंद मुलीने केली आहे: ‘बाबांनी परत मागून घेतलं.’

तुमचा,
खिडकीजवळच्या खाटेवरचा पेशंट